घेताना जमीन, देताना डोकी

पाकिस्तानच्या राज्यकारभाराचा विचार करताना दोन आकडे शेजारीशेजारी मांडावे लागतात. त्या देशाच्या एकूण भूमीपैकी सुमारे ४४ टक्के भूमी एकट्या बलुचिस्तान प्रांतात आहे. लोकसंख्येपैकी मात्र जेमतेम ६ टक्के माणसे तेथे राहतात. सुमारे ३ लाख ४७ हजार चौरस किलोमीटरांचा हा प्रांत महाराष्ट्राहून मोठा आहे, आणि २०२३ च्या जनगणनेने मान्य केलेली त्याची १ कोटी ४९ लाख ही लोकसंख्या मुंबई व तिला लागून वाढलेली ठाणे-कल्याणसारखी शहरे यांच्या एकत्रित वस्तीपेक्षाही कमी आहे. ह्या दोन आकड्यांतील तफावत निसर्गाने निर्माण केली आहे, हे खरे. परंतु त्या तफावतीवर जे राजकारण उभे राहिले, ते निसर्गाने निर्माण केलेले नाही. ह्या प्रांताकडून काही घ्यावयाचे असले की क्षेत्रफळ मोजावयाचे आणि त्याला काही द्यावयाचे असले की डोकी मोजावयाची, हा हिशेब क्वेट्ट्यात ब्रिटिशांचा अंमल बसला त्या दिवसापासून चालत आला आहे. तो समजून घेतल्याखेरीज तेथील असंतोषाचा उलगडा होणार नाही.

वाळवंट म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे राजस्थानातील वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. बलुचिस्तानात तशी वाळू खारानच्या आणि चागाईच्या भागांत आहे. परंतु प्रांताचा मोठा भाग म्हणजे उघडेबोडके दगडी डोंगर आणि त्यांच्या मधोमध अडकलेली कोरडी खोरी होत. डोंगरावरून उतरलेले पाणी समुद्राला न मिळता अशा खोऱ्यात पसरते, आटते आणि मागे मीठ ठेवून जाते. क्वेट्टा समुद्रसपाटीपासून सुमारे १,६८० मीटर उंचीवर आहे; तेथे हिवाळ्यात बर्फ पडते आणि आसपास सफरचंदाच्या बागा आहेत. उलट मकरानमधील तुर्बत येथे २८ मे २०१७ रोजी ५३.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. जगात विश्वसनीय मानल्या गेलेल्या सर्वाधिक तापमानांत त्याची गणना होते. इराणच्या सीमेकडील नोककुंडीला वर्षाकाठी दोन इंचही पाऊस पडत नाही. दक्षिणेस सुमारे ७७० किलोमीटरांचा समुद्रकिनारा आहे, आणि त्याच्या अलीकडे हिंगोल नदीच्या खोऱ्यात ती हिंगळाजदेवी आहे, जिचे नाव महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतही परिचयाचे आहे. कालव्याचे बारमाही पाणी मिळते ते मुख्यतः पूर्वेकडील नसीराबादच्या पट्ट्याला, आणि तेही सिंधू नदीवरील बंधाऱ्यांचे. एरवी ह्या प्रांतात जमीन हवी तितकी आहे. जो पाण्याचा धनी तो माणसांचाही धनी, असा तेथील जुना व्यवहार आहे.

हे पाणी माणसाने मिळवले कसे, हा अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष लक्ष द्यावा असा विषय आहे. डोंगराच्या पायथ्याशी भूजलापर्यंत एक मूळ विहीर खणावयाची, तेथून किंचित उताराचा भुयारी कालवा काढावयाचा, त्याच्या साफसफाईसाठी ठरावीक अंतरावर उभे झरोके ठेवावयाचे आणि काही किलोमीटरांवर ते पाणी आपोआप जमिनीवर आणावयाचे, अशी ती योजना. तिला कारेझ म्हणतात. इराणपासून ही विद्या पसरली. छत्रपती संभाजीनगर येथील मलिक अंबरच्या काळातील नहर आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही तिचीच दख्खनकडील भावंडे. कारेझ एकट्या माणसाला खणता येत नाही आणि एकट्याला राखताही येत नाही. म्हणून तिच्या पाण्याचे वाटे एका अहोरात्राच्या हिशेबाने पडत. ज्याने खणण्यास व उपसण्यास जितके श्रम वा पैसे घातले तितके त्याचे पाणी. ह्या व्यवस्थेत समता होती असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सरदार व मलिक यांचा वाटा मोठाच असे, आणि भुयारात उतरून गाळ काढणारा बहुधा भूमिहीनच असे. परंतु तिच्यात एक मर्यादा होती. डोंगर जितके पाणी देईल तितकेच कारेझ देई. उद्याचे पाणी आज उपसून घेण्याची सोय तिच्यात नव्हती.

ती सोय विजेच्या पंपाने केली. कूपनलिका एकट्याच्या मालकीची असते, आणि शेतीपंपांना वीज मिळाली ती पाण्याच्या मापाशी संबंध नसलेल्या सवलतीच्या ठोक दराने. वापर कितीही केला तरी बिल तेवढेच, असे झाले की पुढच्या घागरीची किंमत शून्य होते, आणि ज्या वस्तूची किंमत शून्य ती संपेपर्यंत वापरली जाते. ज्याच्यापाशी भांडवल होते त्याने खोल कूपनलिका घेतली. शेजारच्या कारेझमधील पाण्याची पातळी खाली गेली. ज्यांचा त्या कारेझमध्ये अहोरात्राचा वाटा होता ते वाटेकरी प्रथम मजूर झाले आणि नंतर क्वेट्ट्याच्या वा कराचीच्या झोपडपट्टीत गेले. क्वेट्ट्याच्या परिसरात आता हजार फुटांखाली जाऊन पाणी शोधावे लागते. १९९८ ते २००२ च्या दुष्काळाने ह्या प्रक्रियेवर शिक्कामोर्तब केले. कळपांमागून कळप मेले आणि बागा वाळल्या. २०२४ मध्ये सुमारे २७ हजार विजेच्या कूपनलिका सौरऊर्जेवर नेण्याची योजना केंद्र व प्रांत यांनी मिळून हाती घेतली. सरकारी तिजोरीवरील वीजसवलतीचा बोजा त्यामुळे उतरेल यात शंका नाही. परंतु सूर्याचे तर बिलही येत नाही. उपशावर सामूहिक नियंत्रण नसेल तर पाण्याचे काय होईल, हा प्रश्न त्या योजनेने सोडवलेला नाही. सामूहिक मालकीची एक जुनी संस्था मोडावयाची, तिच्या जागी नवी सामूहिक संस्था उभी करावयाची नाही आणि उरलेल्या पोकळीला विकास म्हणावयाचे, ही रीत बलुचिस्तानापुरती मर्यादित नाही, हे मराठवाड्यातील वाचकांस वेगळे सांगावयास नको.

ह्या भूमीवर राहणारा समाज एकजिनसी नाही. २०१७ च्या जनगणनेत बलुची भाषकांचे व पश्तो भाषकांचे प्रमाण जवळजवळ सारखे, प्रत्येकी ३५ टक्क्यांच्या आसपास होते. सुमारे १७ टक्के लोकांची मातृभाषा ब्राहुई होती. ही ब्राहुई द्राविड कुलातील भाषा आहे. तमिळ-कन्नडची ही दूरची बहीण बोलान खिंडीपलीकडे कशी राहिली, यावर पंडितांचे वाद अद्याप मिटलेले नाहीत. उत्तरेस पश्तून, क्वेट्ट्यात हजारा, बाजारपेठांतून हिंदू व्यापारी, आणि प्रांताबाहेर कराचीच्या ल्यारी वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे बलुच कामगार, असा हा पसारा. अशा भूमीला ओसाड म्हणणे सोपे असते. परंतु मेंढपाळाच्या दृष्टीने जेथे वर्षातून सहा आठवडे चारा उगवतो ते माळरान रिकामे नसते. ते त्या सहा आठवड्यांसाठी राखलेले असते. नकाशावर मात्र ते पांढरे दिसते, आणि पांढऱ्या जागेवर छावणी, खाण वा अणुचाचणी यांची आखणी करताना कोणाला विचारावयाचे, हा प्रश्नच उद्भवत नाही. २८ मे १९९८ रोजी चागाईतील रासकोहच्या डोंगरात आणि दोन दिवसांनी खारानच्या वाळवंटात पाकिस्तानने अणुस्फोट केले. स्फोट झाले तो डोंगर देशाच्या अभिमानाचे प्रतीक म्हणून गावोगावच्या चौकांत उभारला गेला. चागाईच्या माणसांची संमती कोणी घेतली होती, अशी विचारणा त्या उत्सवात फारशी ऐकू आली नाही.

कारभाराची मूळ घडी रॉबर्ट सँडमन याने घातली. १८७६ मध्ये कलातच्या खानाशी तह करून त्याने खान व सरदार यांच्यामधील पंचाची भूमिका ब्रिटिशांकडे घेतली. साम्राज्याला येथून महसूल नको होता. हवी होती ती अफगाणिस्तानाकडील वाट, रेल्वे आणि छावणी. पंजाबात वा महाराष्ट्रात इंग्रजांना शेतसारा वसूल करावयाचा होता, म्हणून तेथे मोजणी, तलाठी, न्यायालय आणि कालांतराने शाळा आली. येथे सारा मिळण्यासारखा नव्हता, म्हणून यांपैकी काहीच फारसे आले नाही. सरदाराला तनखा द्यावयाचा, त्याच्या टोळीतील माणसे लेव्ही म्हणून पगारावर घ्यावयाची, तंटे त्याच्या जिर्ग्यापुढे न्यावयाचे आणि रस्ता सुरक्षित राखावयाचा, ही सँडमन पद्धती. तिला स्वस्त राज्यकारभार म्हणून वाखाणले गेले. वस्तुतः तिने टोळीतील सरदाराचे परावलंबनच उलटे केले. पूर्वी सरदाराला टोळीची मर्जी सांभाळावी लागे. आता त्याचा तनखा एजंटाकडून येत असल्यामुळे टोळीला त्याची मर्जी सांभाळावी लागू लागली. आज ज्या सरदारशाहीला मागासलेपणाचे मूळ म्हणून दूषणे दिली जातात, ती अनादी काळापासून जशीच्या तशी चालत आलेली नाही. तिच्या सध्याच्या स्वरूपाला सरकारी तिजोरीचे खतपाणी मिळालेले आहे.

ब्रिटिश बलुचिस्तान हा मुख्य आयुक्ताचा प्रांत होता. १९३५ च्या कायद्याने इतर प्रांतांना निर्वाचित विधिमंडळे व मंत्रिमंडळे दिली, ती ह्या प्रांताला मिळाली नाहीत. १९२९ च्या आपल्या चौदा कलमांत जिनांनी बलुचिस्तानला इतर प्रांतांच्या बरोबरीने सुधारणा द्याव्यात अशी मागणी केली होती. त्यांच्या राष्ट्रात ती पुरी व्हावयास १९७० साल उजाडले. १९४७ मध्ये प्रांताचा कौल घेण्यात आला तो शाही जिर्गा आणि क्वेट्टा नगरपालिकेचे सभासद यांच्याकडून. काँग्रेसशी जोडलेल्या अंजुमन-ए-वतनचे नेते अब्दुल समद खान अचकझाई हे फाळणीच्या विरोधात होते. नव्या राष्ट्रातही त्यांच्या वाट्याला दीर्घ तुरुंगवास आला. कलातचे सामिलीकरण मार्च १९४८ मध्ये झाले. त्याआधी तेथील प्रतिनिधिगृहात गौस बख्श बिझेंजो ह्या तरुण नेत्याने त्यास विरोध केला होता. १९५५ मध्ये ‘एक युनिट’ योजनेने पश्चिम पाकिस्तानातील सारे प्रांत एकत्र कोंबले गेले आणि लाहोर ही बलुचिस्तानचीही राजधानी झाली. १९५८ मध्ये ओमानकडून ३० लाख पौंडांना ग्वादर विकत घेतले गेले. ग्वादरच्या माणसांना तेव्हाही कोणी विचारले नव्हते.

१ जुलै १९७० रोजी एक युनिट मोडले आणि बलुचिस्तान प्रथमच विधानसभा असलेला प्रांत बनला. समाजवाद्यांनी आठवण ठेवावी असा हा काळ आहे. त्या वर्षीच्या निवडणुकीनंतर नॅशनल अवामी पक्षाने जमियत-उल-उलेमा-ए-इस्लामच्या साह्याने १९७२ मध्ये सरकार बनवले. अताउल्ला मेंगल मुख्यमंत्री झाले, बिझेंजो राज्यपाल झाले. डावे, संघराज्यवादी आणि धर्मनिरपेक्ष अशा ह्या पक्षाच्या नेत्यांत काही स्वतः सरदार होते आणि तरीही सरदारी नष्ट करण्याचा विचार त्यांनी मांडला. हे सरकार वर्षभरही टिकू दिले गेले नाही. फेब्रुवारी १९७३ मध्ये इस्लामाबादेतील इराकी वकिलातीत शस्त्रे सापडल्याचे निमित्त करून झुल्फिकार अली भुत्तो यांनी ते बडतर्फ केले. शेजारच्या सरहद्द प्रांतातील मुफ्ती महमूद यांच्या मंत्रिमंडळाने निषेध म्हणून राजीनामा दिला. त्यानंतर १९७७ पर्यंत मर्री व मेंगल टापूंत लष्करी कारवाई चालली. इराणच्या शहाने तिच्यासाठी हेलिकॉप्टरे पुरवली. विशेष हे की हे सारे करणारे सरकार ‘इस्लामी समाजवादा’चे नाव घेत होते. त्याच भुत्तोंनी १९७६ मध्ये सरदारी नष्ट करणारा कायदा केला. तुरुंगात असलेल्या सरदारांविरुद्ध तो वापरता येत होता. सरकारच्या बाजूला असलेल्या सरदारांचे त्याने काही बिघडवले नाही.

कायद्याने सरदारी गेली तरी सँडमनची घडी मोडली नाही. प्रांताचे ‘अ’ व ‘ब’ असे दोन विभाग राहिले. शहरे व काही रस्ते ‘अ’ विभागात, तेथे पोलीस. उरलेला सुमारे नऊ दशांश प्रदेश ‘ब’ विभागात, तेथे स्थानिक भरतीच्या लेव्हीज. जनरल मुशर्रफ यांच्या काळात ‘ब’ विभाग ‘अ’मध्ये बदलण्याचा उपक्रम झाला, २०१० च्या कायद्याने लेव्हीज पुन्हा आल्या, २०२५ पासून त्यांना पोलिसांत विलीन करण्याचे काम सुरू झाले आहे. कधी हे, कधी ते. लेव्ही आपल्या टापूतील माणूस असतो, म्हणून लोकांना तो परका वाटत नाही. आणि सरदाराच्या शिफारशीने लागलेला असतो, म्हणून दुर्बळाला त्याच्याकडून न्यायाची खात्री नसते. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सत्य आहेत. परंतु ज्यांच्या गावात पोलीस असावा की लेव्ही असावा याचा निर्णय व्हावयाचा, त्या गावांचे मत ह्या अदलाबदलीत कधीही निर्णायक ठरले नाही.

आता घेण्याच्या हिशेबाकडे वळू. १९५२ मध्ये बुग्ती टापूतील सुई येथे नैसर्गिक वायूचा मोठा साठा सापडला. १९५५ मध्ये तो नळाने कराचीला पोचला आणि पुढे पंजाबातील कारखान्यांना व खतप्रकल्पांना मिळू लागला. खुद्द क्वेट्ट्यात तो पोचावयास १९८० चे दशक उजाडले. सुईच्या परिसरातील गावांत त्यानंतरही सरपणावरच चुली पेटत राहिल्या. ह्यातील अन्यायाचे अर्थशास्त्र नीट पाहण्यासारखे आहे. स्वामित्वशुल्काचा दर साडेबारा टक्के, म्हणजे दिसावयास बरा. परंतु तो टक्का विहिरीच्या तोंडाशी ठरलेल्या किमतीवर मोजला जातो आणि ती किंमत ठरते इस्लामाबादेत. सुई हे जुने क्षेत्र, त्याचा उत्पादनखर्च कमी, म्हणून किंमतही इतर प्रांतांतील नव्या क्षेत्रांहून कितीतरी कमी ठरवली गेली. किंमत कमी म्हणून शुल्क कमी. याचा अर्थ असा की देशातील सर्वात दरिद्री प्रांताने देशातील सधन प्रांतांना दशकानुदशके स्वस्त इंधनाचे अनुदान दिले, आणि त्या अनुदानाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात झाली नाही. उलट अंदाजपत्रकात नोंद होई ती केंद्राने बलुचिस्तानला दिलेल्या ‘मदती’ची. १९७३ च्या राज्यघटनेचे १५८ वे कलम सांगते की ज्या प्रांतात वायूची विहीर आहे त्याच्या गरजेला अग्रक्रम मिळेल. क्वेट्ट्याने ह्या कलमाची अंमलबजावणी एका तपाहून अधिक काळ नुसती वाचली.

खनिजांची कथा याहून वेगळी नाही. सैंदक येथील तांबे-सोन्याची खाण २००२ पासून चिनी कंपनी चालवते. रेको दिक येथील प्रचंड साठ्याचा करार १९९३ मध्ये झाला. २०११ मध्ये खाणपट्टा नाकारला गेला, प्रकरण आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेले आणि २०१९ मध्ये पाकिस्तानवर सुमारे ५८० कोटी डॉलरांचा बोजा पडला. तो टाळण्यासाठी २०२२ मध्ये जी तडजोड झाली तीत निम्मा हिस्सा बॅरिक ह्या कॅनेडियन कंपनीकडे, २५ टक्के केंद्राच्या कंपन्यांकडे आणि २५ टक्के प्रांताकडे आला. आधीच्या करारांच्या मानाने ही प्रगती आहे, हे मान्य केलेच पाहिजे. ग्वादर बंदराची वाटणी मात्र ह्या प्रगतीच्या वाटेला गेलेली नाही. २०१३ मध्ये ते चिनी कंपनीच्या ताब्यात आले. बंदराच्या उत्पन्नातील ९१ टक्के वाटा त्या कंपनीचा आणि ९ टक्के केंद्राच्या बंदर प्राधिकरणाचा, अशी कबुली २०१७ मध्ये पाकिस्तानच्या सिनेटमध्ये देण्यात आली. प्रांताच्या नावाचा रकानाच त्या वाटणीत नव्हता. त्याच सुमारास आंकारा कौर धरण आटल्यामुळे ग्वादरकरांना टँकरचे पाणी प्यावे लागत होते.

देण्याच्या वेळी मोजमाप बदलते. १९७४ पासून वित्त आयोगाच्या निवाड्यांत प्रांतांमधील करवाटपाचा एकमेव निकष लोकसंख्या हा होता. त्यामुळे बलुचिस्तानच्या वाट्याला सुमारे ५ टक्के येत. हा निकष वरकरणी समतेचा वाटतो. माणशी समान पैसा, याहून न्याय्य काय असणार? परंतु शंभर मुलांची शाळा चालवण्याचा खर्च, ती मुले एका गावात असतात तेव्हा एक असतो आणि शंभर किलोमीटरांत विखुरलेली असतात तेव्हा दुसरा असतो. रस्ता माणशी बांधता येत नाही, मैलागणिक बांधावा लागतो. ३० डिसेंबर २००९ रोजी ग्वादर येथे ज्या सातव्या निवाड्यावर सह्या झाल्या त्याने प्रथमच हे तत्त्व मान्य केले. लोकसंख्येला ८२ टक्के, दारिद्र्य व मागासलेपणाला १०.३, महसुलाला ५ आणि विरळ वस्तीला २.७ टक्के भार देण्यात आला. बलुचिस्तानचा वाटा ९.०९ टक्क्यांवर गेला. त्यापाठोपाठ २०१० मध्ये अठरावी घटनादुरुस्ती झाली. पाकिस्तानच्या संघराज्याच्या इतिहासातील हे महत्त्वाचे पाऊल होते आणि ते निर्वाचित सरकारने टाकले, हेही नोंदवले पाहिजे. तरीदेखील २०१४-१५ च्या पाहणीवर आधारलेल्या अहवालात बलुचिस्तानातील ७१ टक्के लोक बहुआयामी दारिद्र्यात आढळले. देशाचे प्रमाण ३९ टक्के होते. वाढलेला पैसा क्वेट्ट्याच्या सचिवालयापर्यंत आला आणि तेथून खाली जाताना आमदारांच्या ‘विकासनिधी’च्या चाळणीतून गळाला. याला इस्लामाबादच केवळ जबाबदार आहे, असे म्हणता येणार नाही.

डोकी मोजण्याचे राजकारण २०२३ मध्ये उघड्यावर आले. प्रत्यक्ष मोजणीच्या काळात जाहीर होत गेलेल्या तात्पुरत्या आकड्यांत बलुचिस्तानची लोकसंख्या दोन कोटींच्या वर गेली होती. ऑगस्ट महिन्यात मंजूर झाला तो आकडा १ कोटी ४९ लाखांचा. साठ लाखांहून अधिक माणसे कागदावरून उतरली. आधीचा आकडा फुगवलेला होता, असे जनगणना खात्याचे म्हणणे, आणि ते सर्वस्वी निराधार असेलच असे नाही; जेथे प्रत्येक डोक्यामागे पैसा आणि जागा आहे तेथे बलुच व पश्तून पुढारी एकमेकांवर मात करण्यासाठी आकडे वाढवणारच. परंतु जनगणनेला सौदेबाजीचे स्वरूप यावे, हा दोष मोजणाऱ्या कारकुनाचा मानता येत नाही; तो ज्या सूत्राने मोजणीवर इतके ओझे घातले त्या सूत्राचा आहे. पाकिस्तानच्या राष्ट्रीय सभेत २६६ सर्वसाधारण जागांपैकी बलुचिस्तानच्या १६ आहेत. सरासरी एक मतदारसंघ साडेएकवीस हजार चौरस किलोमीटरांहून मोठा पडतो. महाराष्ट्रातील सर्वात मोठा जो अहिल्यानगर जिल्हा, त्याहूनही मोठा. सिनेटमध्ये चारही प्रांतांना समान जागा आहेत, असे यावर उत्तर दिले जाते. ते खरे आहे. परंतु अर्थविधेयकावर सिनेटला शिफारस करण्यापलीकडे अधिकार नाही. समान आवाज आहे तेथे पैसा नाही आणि पैसा आहे तेथे समान आवाज नाही.

मग उपाय म्हणून नवे जिल्हे निर्माण केले जातात. १९९८ मध्ये २६ जिल्हे होते, आज ते पस्तिसांहून अधिक आहेत. परंतु जुन्या चागाईतून नुश्की वेगळा काढल्यावरही उरलेला चागाई जिल्हा सुमारे ४४,७०० चौरस किलोमीटरांचा, म्हणजे केरळ राज्याहून मोठा राहिला, आणि २०१७ मध्ये तेथे सव्वादोन लाखांच्या आसपास माणसे होती. एक उपायुक्त, थोडे तहसीलदार आणि सुरक्षा दलांच्या चौक्या. डॉ. लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा त्यांच्यापुढे गंगेच्या खोऱ्यातील दाट वस्तीची खेडी असतील. पण गाव व जिल्हा ह्या दोन खांबांची गरज विरळ वस्तीच्या प्रदेशाला अधिकच आहे. जेथून राजधानी चारशे मैलांवर आहे तेथे पाण्याचा, कुरणांचा, सीमेवरील किरकोळ व्यापाराचा आणि पहारा कोणी द्यावा याचा निर्णय जिल्ह्यात होणार नसेल, तर तो व्यवहारात होतच नाही. अठराव्या दुरुस्तीने सत्ता इस्लामाबादहून क्वेट्ट्याला आणली आणि क्वेट्ट्याने ती तेथेच अडवली.

आपल्याकडे अलीकडे बलुचिस्तानचा कळवळा फार वाढला आहे. २०१६ च्या स्वातंत्र्यदिनी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून त्याचा उल्लेख केला, आणि पाकिस्तानला डिवचावयाचे साधन म्हणून वृत्तपत्रांनी तो विषय उचलला. पानिपतानंतर बलुचिस्तानात नेल्या गेलेल्या युद्धकैद्यांचे वंशज म्हणून बुग्ती मराठ्यांच्या हकिकती मराठीत आवडीने छापल्या जातात. त्या परंपरेनुसार हे लोक बुग्ती टोळीत दास म्हणून राबले, हा भाग मात्र अभिमानाच्या भरात मागे पडतो. बेपत्ता केलेल्या तरुणांच्या छायाचित्रांसह क्वेट्ट्याहून इस्लामाबादपर्यंत चालत जाणाऱ्या माणसांना आणि मार्च २०२५ मध्ये अटक झालेल्या माहरंग बलोच यांच्यासारख्या कार्यकर्त्यांना अशा सहानुभूतीचा उपयोग नाही. उलट ‘परकीय हस्तक’ हा शिक्का त्यांच्यावर मारणे तिने सोपे होते. ज्यांना बस्तरमधील खाणपट्ट्यांबाबत ग्रामसभेचा अधिकार खुपतो त्यांनी रेको दिकबद्दल अश्रू ढाळावेत, हेही फारसे शोभत नाही. आणि समाजवाद्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे. ऑगस्ट २०२४ मध्ये मुसाखेल येथे बसमधून उतरवून, ओळखपत्रे पाहून पंजाबी प्रवाशांना ठार मारण्यात आले. मार्च २०२५ मध्ये बोलान भागात जाफर एक्सप्रेस अडवून प्रवाशांना ओलीस धरण्यात आले. पोटासाठी आलेला पंजाबी मजूर सुईच्या वायूचा भाव ठरवत नाही. त्याची हत्या हा मुक्तिलढ्याचा भाग मानणे म्हणजे सँडमनपासून चालत आलेल्या टोळीच्या हिशेबालाच क्रांतीचे नाव देणे होय.

दुसऱ्या मार्गाचे उदाहरण २०२१ च्या अखेरीस ग्वादरने घालून दिले. ‘हक दो’ ह्या चळवळीत हजारो माणसे आठवडेच्या आठवडे धरणे धरून बसली. ज्या शहरात स्त्रिया सहसा रस्त्यावर येत नाहीत तेथे स्त्रियांचे प्रचंड मोर्चे निघाले. त्यांच्या मागण्या अशा होत्या : किनाऱ्यालगत मासळी खरवडून नेणारे ट्रॉलर बंद करावेत, अनावश्यक तपासणी चौक्या उठवाव्यात, पिण्याचे पाणी द्यावे आणि इराणच्या सीमेवरील लहान व्यापाराला मोकळीक द्यावी. ह्यांपैकी एकाही मागणीसाठी राज्यघटनेला हात लावण्याची गरज नव्हती. ह्या चळवळीचे नेतृत्व जमात-ए-इस्लामीच्या एका मौलानांकडे, हिदायत-उर-रहमान यांच्याकडे होते आणि २०२४ मध्ये ग्वादरने त्यांना प्रांतिक विधानसभेत निवडून पाठवले. बिझेंजोंच्या मकरानात मच्छीमारांचा आणि चौकीवर अडवल्या जाणाऱ्या मजुराचा प्रश्न घेऊन उभा राहण्यास त्या घडीला डाव्या परंपरेतील एकही संघटना पुढे आली नव्हती.